गिरणाकाठचा गोठा

जळगाव जिल्ह्यातल्या भडगाव तालुक्यात, गिरणा नदीच्या काठी असलेले माझ्या आजोळचे दगडी घर पाहायला येणारी माणसे दिंडी दरवाजा आणि माजघरातले सागवानी खांब पाहून परत जातात. गोठ्यापर्यंत क्वचितच कोणी येते. माझ्या मते मात्र बांधणाऱ्यांची खरी समज गोठ्यातच दिसते, कारण सगळी शेती बैलांच्या खांद्यावर होती आणि बैल त्या गोठ्याच्या भरवशावर.

दोन्ही इमारतींच्या भिंती काळ्या पाषाणाच्या, चिखलात रचलेल्या आणि चांगल्या जाड आहेत. आतल्या व बाहेरच्या थरांच्या मध्ये कपऱ्या, म्हणजे दगडाचे बारीक तुकडे, भरल्या असून, ठरावीक अंतरावर आरपार लांब दगड घालून दोन्ही थर एकमेकांशी जखडले आहेत. वर धाबे आहे, म्हणजे तुळया, त्यांवर लाकडी किलचा (जवळजवळ मांडलेल्या लाकडी पट्ट्या) आणि त्यावर मातीचा जाड थर. दर वर्षी मृगाआधी त्यावर खारी माती टाकतात. खाऱ्या मातीतले बारीक कण पाण्याने सुटे होऊन छिद्रे बुजवतात, म्हणून पाणी खाली झिरपत नाही. जिथे पाऊस बेताचा आणि वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे याहून शहाणे छप्पर मला माहीत नाही.

गोठ्यातली फरशी मोरीच्या दिशेने किंचित उतरती आहे, त्यामुळे गोमूत्र साचत नाही आणि बैलांचे खूर कोरडे राहतात. गव्हाणीच्या कठड्याला लोखंडी कडी नाही. दगडातच भोक पाडून दावे ओवण्याची सोय केली आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या दोर घासून त्या भोकांच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. कठडाही बैलांच्या माना जिथे टेकत तिथेच झिजलेला आहे.

घर आणि गोठा एका काळातले नाहीत, हे सांध्यावरून कळते: गोठ्याची भिंत घराच्या भिंतीत गुंतवलेली नाही, नुसती टेकवलेली आहे. घराला रस्त्याकडून खिडकी नाही, केवळ झरोके आहेत, जी पेंढाऱ्यांच्या आणि लुटालुटीच्या काळाची खूण म्हणता येईल. गोठ्याला मात्र भरलेली बैलगाडी सरळ आत जाईल एवढा दरवाजा आहे. १८१८ नंतर इंग्रजी अंमल बसला, १८२५ मध्ये धरणगावी जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली आणि लुटालुटीची भीती ओसरत गेली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला भाव आला आणि त्याच दशकात भुसावळपर्यंत रेल्वे पोहोचली. कपाशीच्या गाड्या आणि बैल वाढल्यावर हा गोठा बांधला गेला असावा, असे मला वाटते.

मागच्या भिंतीला मधल्या काळात केलेला सिमेंटचा गिलावा हीच आता मोठी काळजी आहे. चिखलाच्या भिंतीत शिरलेली ओल सिमेंटमुळे बाहेर पडू शकत नाही, आतला चिखल मऊ पडतो आणि दगड पुढे सरकू लागतात. शिवाय खारी टाकणारे गडी मिळेनासे झाल्याने धाबे उतरवून पत्रे टाकावेत, असा घरात सूर आहे. पत्रे टाकायचेच असतील तर धाब्याला हात न लावता, वर वेगळा सांगाडा करून टाकावेत, असे मी मामांना सुचवले आणि त्यांना ते पटले. कापसाची वेचणी आटोपली की आधी सिमेंट काढून तिथे चुन्याचा गिलावा करायचे ठरले आहे.