आषाढातला चंद्र

२ फेब्रुवारी, रात्र

आज वर्ष आणि वर एक दिवस भरला. गेल्या १ फेब्रुवारीला महाद्वार रोडवरून आणलेली ही दोनशे पानी वही आता कोपऱ्यांना मऊ पडली आहे. मधल्या काही पानांवर मेणाचे डाग आहेत. आणि एका पानावर एक खोटी नोंद आहे. गेले सहा महिने मी वही उघडते ती ते पान टाळून.

आधी मागचं लिहिते.

विक्काकडे मी वळले त्याला तीनेक वर्षं झाली. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: चंद्र, सूर्य आणि ऋतू यांना धरून चालणारा, देवी आणि शिंगं असलेला देव अशा जोडीला मानणारा हा पंथ. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून हा पंथ जगापुढे मांडला. हा माणूस सिलोन, बोर्निओ, मलाया इथे आयुष्य काढलेला, कस्टममधून निवृत्त झालेला. १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असं त्यांचं सांगणं होतं.

पुस्तकं मिळत गेली, मी वाचत गेले. विधीला बसताना स्वतःभोवती वर्तुळ कसं आखायचं, पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी, हे सगळं पाठ झालं. एकट्याने साधना करणाऱ्यांसाठी स्कॉट कनिंगहॅम यांचं १९८८ सालचं पुस्तक आहे. ते मी दोनदा वाचलं आणि त्याच्या आधारावर गच्चीवर वर्षभर एकटीच बसत होते. पण एक गोष्ट सलत राहिली. माझं चुकतंय की बरोबर आहे, हे सांगणारं कुणीच नव्हतं. तबला शिकणाऱ्याला ठेका चुकला की गुरुजी हात धरतात. माझा हात कोण धरणार?

म्हणून गुरू शोधायला लागले, आणि पहिल्याच झटक्यात फसले. दुसऱ्या शहरातल्या एका बाईंनी दोन शनिवार-रविवारांत पहिली पदवी, म्हणजे दीक्षेची पहिली पायरी, देते म्हणून अठरा हजार सांगितले. पाच हजार मी आगाऊ भरले. दुसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, घरी सांगू नकोस. तिसऱ्या फोनला म्हणाल्या, तुमच्या घरात दोष आहे, तो काढायचे वेगळे पडतील. तिथे मी थांबले. पैसे गेले ते गेले. नंतर कळलं की गार्डनरच्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घेणंच वर्ज्य मानतात. हे आधी माहीत असतं तर पहिल्या फोनलाच ओळखलं असतं. जो कुणी शोधात असेल त्याला मी हेच दोन सांगेन: दर सांगणारा आणि घरच्यांपासून तोडणारा, या दोघांच्या दारातूनच परत फिरा. घरात दोष आहे म्हणून भीती घालून पैसे उकळणाऱ्यांसाठीच तर २०१३ साली आपल्या राज्याने कायदा केला. ज्या माणसाने त्यासाठी आयुष्य घातलं त्याचा त्याच साली पुण्यात खून झाला, आणि दोन वर्षांनी आमच्या कोल्हापुरात पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या. त्या कायद्यात असंही आहे की अमका करणी करतो, त्याच्या मंत्राने गुरांचं दूध आटतं, असं कुणाबद्दल उठवणं हा गुन्हा. चेटकीण म्हणून बाईला मारहाण झाल्याची बातमी अजूनही वाचायला मिळते. म्हणून मी स्वतःला तो शब्द लावत नाही. इंग्लंडमधल्या बायकांनी तो अभिमानाने परत मिळवला, तो त्यांचा हक्क. इथे त्या शब्दाखाली कुणाचं तरी रक्त अजून ओलं आहे.

त्यानंतर बऱ्याच खटपटीने इंग्लंडमधल्या एका बाईंशी मेलवर ओळख झाली. गार्डनरच्या परंपरेतल्या, वयाने आईपेक्षा मोठ्या. मी त्यांना मनात नुसतं ‘बाई’ म्हणते, शाळेतल्या बाईंना म्हणायचो तसं. त्यांचं पहिलं उत्तर कोरडं वाटलं होतं. दीक्षा मेलवर होत नाही, दीक्षा घेतलेल्या माणसाने समोर उभं राहून ती द्यावी लागते. तीन पदव्या आहेत, एकेकीला वर्षं लागतात. विधींची वही गुरूच्या वहीवरून हाताने उतरवून घ्यायची असते. मला तुझ्याकडून पैसे नकोत आणि मी तुला कसलंही वचन देत नाही.

हे वाचून मी दोन दिवस रागात होते. दीक्षेचा अधिकार, परंपरेची साखळी, कुणी कुणाच्या हातून दीक्षा घेतली, हे शब्द कोल्हापुरात वाढलेल्या माणसाच्या कानाला सहज लागत नाहीत. याच पंचगंगेवर १८९९ साली पहाटेच्या स्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी भटजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता, कारण वेदोक्ताचा अधिकार तुम्हाला नाही, असं त्याचं मत. छत्रपतींना! त्या गावातली मी, आणि मला सातासमुद्रापलीकडून कुणी सांगतंय की तुला अजून अधिकार नाही? पण राग निवल्यावर फरक दिसला. तो अधिकार जन्मावर होता, काही केल्या मिळणारा नव्हता. बाई म्हणत होत्या, शीक, समोर ये, मग बघू. आणि वर्तुळ आखू नकोस, देवीला हाक मारू नकोस, असं त्या कुठेच म्हणाल्या नव्हत्या.

खाली एक ओळ होती, ती मी रागात वाचलीच नव्हती. वर्ष आणि एक दिवस वही ठेव. प्रत्येक पौर्णिमा, विक्काचे वर्षातले आठही सण. पाहिलंस ते लिही, वाचलंस ते लिहू नकोस. दर तीन महिन्यांनी मला पानं पाठव.

किती सोपं वाटलं होतं.

पहिलंच पान बघा. १ फेब्रुवारी म्हणजे इम्बोल्क, आठातला एक सण. मी लिहिलंय: ‘बर्फ वितळू लागलं आहे, मेंढ्यांना दूध उतरलं आहे, धरणी जागी होत आहे.’ कोल्हापुरात! फेब्रुवारीत इथे गुऱ्हाळं चालू असतात, संध्याकाळी गावाबाहेर पडलं की गुळाचा वास नाकात बसतो, आणि दुपारी ऊन चटकायला लागलेलं असतं. यातलं एक अक्षर माझ्या वहीत नाही. १ मेच्या बेल्टेनला फुललेल्या कुरणांचं वर्णन आहे, तेव्हा आमच्या गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. मे महिन्यात बाईंनी ही पानं वाचून एवढंच विचारलं: ‘त्या दिवशी तुमच्याकडे सूर्य कुठे मावळला?’

मला सांगता येईना. तोपर्यंत मी पुस्तकात बघत होते. आकाशात बघितलंच नव्हतं.

त्यानंतर वही सुधारली. जूनची पानं मला अजून आवडतात. मृगाचा पहिला पाऊस, रंकाळ्यावर पाण्याचा बदललेला रंग. शेतात भाताची रोपं. त्याच महिन्यात आज्जी एकदा गच्चीवर आली. मी चार दिशांना चार पणत्या लावून, ताटलीत मीठ आणि वाटीत पाणी घेऊन बसले होते.

“काय गं, दृष्ट काढतीयास व्हय कुणाची?”

“नाही आज्जी, पूजा आहे माझी.”

ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “पूजा हाय तर चपला काढ की.”

चपला खरंच पायात होत्या. मी काढल्या, फरशी गार होती, आणि पायाखाली पृथ्वी आहे हे पहिल्यांदा पायाला कळलं. ते मी बाईंना लिहिलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कौतुक केलं, आज्जीचं.

आणि मग जुलै.

आषाढी पौर्णिमा, म्हणजे आपली गुरुपौर्णिमा. आईचं आधीपासून चाललं होतं, गुरू करायचाच असेल तर नरसोबाच्या वाडीला चल, दत्तापेक्षा मोठा गुरू कोण? गेले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाणी वाढत होतं, छत्र्यांची रांग लागली होती. रांगेत एका काकांनी मला दत्ताचे चोवीस गुरू सांगितले: पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य, कबूतर, अजगर… माझ्या वर्तुळातल्या चारही दिशा त्या यादीत सुरुवातीलाच होत्या, आणि मला फार भरून आलं. त्यांनी वर सांगितलं, बघ, गुरू माणूसच लागतो असं नाही. हे मला पुष्कळ जण सांगतात. कुणी एकलव्य सांगतं. पण एकलव्याचा पुतळा त्याला कधी चूक म्हणाला नाही, आणि त्याचा अंगठा मात्र गेला. दत्ताला नदीकडून शिकता येत होतं, कारण तो दत्त होता. मला अजून चुकीची जागा बोट ठेवून दाखवणारं माणूस लागतं.

रात्री दहाला भिजून घरी आलो. पाऊस कोसळत होता, आकाश म्हणजे एक काळं घोंगडं. मी अंग पुसलं आणि झोपले. गच्चीवर गेलेच नाही. सकाळी उठून वहीत लिहिलं: ‘आषाढी पौर्णिमा. चंद्र पूर्ण, पिवळसर, ढगांच्या कडेला सोनेरी किनार. वर्तुळात मन शांत.’

का लिहिलं? बाकीच्या पौर्णिमा नीट पाळल्या होत्या, मधेच भोक पडू नये म्हणून. बाईंना वाटू नये की ही ढिली आहे म्हणून. आणि लिहिताना ते खोटं वाटलंच नाही, याची मला आज सगळ्यात जास्त भीती वाटते. वाक्यं इतकी छान जमली होती.

ऑगस्टमध्ये पानं पाठवली. चार दिवसांनी एकच ओळ आली. ‘जुलैमध्ये तुमच्याकडे पावसाळा असतो ना? चंद्र कुठून पाहिलास?’

मी उत्तर दिलं नाही. नोव्हेंबरची पानं पाठवली नाहीत. त्यांचाही मेल आला नाही. पौर्णिमा मात्र सोडल्या नाहीत, आणि ज्या रात्री दिसला नाही त्या रात्री ‘दिसला नाही’ असं लिहिलं. श्रावणातली रात्र पूर्ण ढगाळ, तीही तशीच लिहिली. पण ते आषाढाचं पान तिथेच आहे.

या सहा महिन्यांत मी विक्काचा इतिहास वाचत राहिले, बहुधा स्वतःलाच काही सापडावं म्हणून. गार्डनरच्या काळी असं मानायचे की हा धर्म अश्मयुगापासून गुप्तपणे अखंड चालत आला आहे. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ साली कागदपत्रं तपासून दाखवलं की तशी अखंड साखळी नाही, आज आहे तो पंथ विसाव्या शतकातच घडला. मला वाटलं होतं, हे वाचून साधक चिडले असतील. पुष्कळांनी ते मान्य केलं आणि साधना पुढे चालू ठेवली. त्याच्याही आधी, १९५३ साली दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंते यांना गुरूच्या वहीत दुसऱ्याच लेखकाच्या ओळी ओळखू आल्या. त्यांनी ते गार्डनरना तोंडावर सांगितलं आणि मग स्वतः बसून तो मजकूर नव्याने लिहिला. शिष्येने गुरूची वही दुरुस्त केली आणि त्यानंतरही काही वर्षं दोघं एकत्र काम करत राहिली. मी मात्र गुरूने माझी वही वाचली म्हणून पळाले.

आज संध्याकाळी अंबाबाईला गेले. किरणोत्सवाचा तिसरा दिवस, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर येतात त्या दिवसांतला. लहानपणापासून बघत आले, पण यंदा पहिल्यांदा हिशेब मांडला. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखा आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. २१ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच अंतर, चाळीस ते त्रेचाळीस दिवसांचं. दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, परतताना त्याच जागी मावळतो, आणि ती जागा नेमकी महाद्वारासमोर येते. इम्बोल्क आणि किरणोत्सव आकाशातल्या एकाच खुणेवर आहेत. म्हणून अंबाबाई विक्काची झाली असं मी म्हणणार नाही. ती तिची आहे, तिला मी माझ्या वर्तुळात नावाने बोलावत नाही. पण बाईंनी मे महिन्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच गावात दगडात बांधून ठेवलेलं होतं.

सव्वासहाला गर्दी एकदम गप्प झाली. किरणं पितळी उंबऱ्यावरून चांदीच्या उंबऱ्यावर आली, चरणांना लागली, वर सरकली, कमरेपर्यंत गेली आणि क्षितिजावरच्या धुरकट ढगात विझली. मुखापर्यंत पोहोचलीच नाहीत. शेजारच्या मावशींनी हात जोडले आणि लगेच फोनवर कुणाला तरी सांगितलं, “कमरेपर्यंत आली गं. न्हाई, तोंडापर्यंत न्हाई आली.” उद्याच्या पेपरात तसंच छापून येईल, कमरेपर्यंत. दर वर्षी छापतात, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, ढगांमुळे झालाच नाही. देवीच्या बाबतीतही कुणी वाढवून लिहीत नाही.

घरी येऊन मी ते पान उघडलं. ओळींवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: पाऊस होता, मी झोपले होते.

आता बाईंना मेल लिहायला बसले आहे. नमस्कार, उशीर, माफी, असं सगळं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. त्यांनी विचारलं होतं चंद्र कुठून पाहिलास, तर पहिली ओळ तीच ठेवली आहे. ‘पाहिला नाही.’ त्या पुढे शिकवतील की नाही, मला ठाऊक नाही. सोबत तेराही पौर्णिमांची पानं जोडते आहे, रेघ मारलेलं पान सगळ्यात वर.

आज्जी खालून विचारतेय, दिवा अजून का चालू आहे. पाच मिनिटं, म्हणाले.