काम घेण्याआधी पार्टी कशी बघतो – इंदूरमधला माझा अनुभव

मी इंदूरला घरं बांधायची कामं घेतो. मोठे बंगले-बिंगले नाही, २० बाय ५०, ३० बाय ५० च्या प्लॉटवरची साधी घरं, ग्राउंड प्लस वन, फार तर प्लस टू. या लाईनमध्ये नवीन आलेली पोरं नेहमी विचारतात, दादा पार्टी, म्हणजे काम देणारा मालक, खराब आहे हे आधी कळतं का हो? बऱ्यापैकी कळतं. पण लोक भलत्यालाच खराब समजतात. घासाघीस करणारा, शंभर प्रश्न विचारणारा, साइटवर खुर्ची टाकून बसणारा माणूस डोकं खातो हे खरंय, पण पैसे त्याच्याकडे सहसा अडकत नाहीत, अडकतात ते ज्याला कागदावर काहीच नको असतं त्याच्याकडे. ह्या वर्षी मी असंच एक चांगलं दिसणारं काम सोडलं, ते कसं कसं कळत गेलं ते लिहितोय.

फोन आला आमच्या गणपती मंडळातल्या ओळखीने. पहिलंच वाक्य, "विथ मटेरियल काय रेट चाललाय तुमचा?" म्हणजे माल-मजुरी धरून चौरस फुटाचा भाव. हे सगळेच विचारतात, त्यात काही वावगं नाही. मी फोनवर रेट सांगत नाही, आधी विचारतो की फूट कसे मोजायचे. कारण भांडण रेटचं होतच नाही, मोजमापाचं होतं. बाल्कनी पूर्ण धरायची का अर्धी, छज्जा धरायचा का नाही, जिन्यावरची ममटी (गच्चीवरची जिन्याची खोली), खालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बाउंड्री वॉल, हे रेटमध्ये आहे का वेगळं? एवढ्याशा घरात सुद्धा ह्या गोष्टींचे दीडशे-दोनशे फूट सहज निघतात आणि १८०० चा रेट धरलात तर पावणेतीन-साडेतीन लाखांचा फरक झाला, म्हणजे ठेकेदाराची अख्खी कमाई. तर हे गृहस्थ म्हणाले, "अहो ते होईल हो, आपण काय परके आहोत का." बरं, म्हटलं, प्लॉट बघू.

प्लॉट इंदूरच्या बिचोली भागाच्या बाजूला. जाऊन बघतो तर प्लिंथ, म्हणजे जोतं, तयार, कॉलमचे सरिये (सळया) वर आलेले आणि गंजलेले. म्हणजे आधी कुणीतरी काम करून गेलेला. आता आधीचा ठेकेदार सोडून गेला म्हणजे पार्टीच खराब असं नसतं, आमच्यातही पळपुटे कमी नाहीत. पण मी त्याचा नंबर मागितला तर "तो चोर होता, त्याचं नावच काढू नका". बरं त्याच्या आधी बोअरिंगवाला पण चोर, आर्किटेक्ट पण लुटारू. प्रत्येकजण चोर निघालाय म्हटल्यावर पुढचा नंबर माझाच नं. असं असलं की मी रेती-गिट्टीवाल्याला विचारतो, त्या भागात माल टाकणारे दोन-तीनच जण असतात आणि कुणाची गाडी कुठे किती दिवस उधारीवर उभी राहिली ते त्यांना पक्कं माहीत असतं. त्याने सांगितलं की प्लिंथपर्यंतचे पैसे अर्धे दिले आणि मग "माप चुकीचं आहे" म्हणून थांबवले. पुन्हा तेच, माप!

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्याकडे माळव्यात काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. म्हणून पाया किती खोल, फुटिंग कसं, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने माती बघून ठरवायचं असतं. मी ड्रॉइंग मागितलं तर फक्त नक्शा, तोही ड्राफ्ट्समनकडून काढलेला. मी म्हटलं दुसऱ्याच्या पायावर मी घर उभं करणार, उद्या भिंतीला तडा गेला तर जबाबदार कोण, एका इंजिनिअरकडून तपासून लेखी घ्या, खर्च फार नाही. तर उत्तर आलं, "तुम्ही बघितलंत नं, बस झालं." म्हणजे तडा माझा.

आणि मागच्या बाजूला एमओएस, म्हणजे नियमाने मोकळी ठेवायची जागा, सोडायचीय तिथे त्यांना किचन ओढायचं होतं. निगमचं, म्हणजे महापालिकेचं, मी बघून घेईन म्हणे. हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो, कारण निगमची गाडी येते तेव्हा साइटवर मालक कधीच नसतो, मिस्त्री नि मी असतो.

तरी मी लगेच नाही म्हटलं नाही. घरी बसून बोलू म्हटलं, कारण घरी गेल्यावर कळतं की ठरवणारा कोण आणि पैसे देणारा कोण. इथे पैसे वडिलांचे, टाइल्स सुनबाई ठरवणार आणि पुण्याहून एक मेहुणे व्हिडिओ कॉलवर, त्यांनी तिकडे फ्लॅट घेतलाय म्हणून त्यांना बांधकामातलं सगळं कळतं. अशा घरात मी एकच विचारतो, बदल सांगायचा झाला तर मी सही कुणाची घेऊ? तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मुहूर्त निघाला, अक्षय तृतीयेला गृहप्रवेश पक्का, आमंत्रणं पण मनात तयार, काम मात्र अजून ठरायचंय. मी सांगितलं की आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबच्या बल्ल्या (खालचे टेकू) ७ दिवस काढता येत नाहीत, त्याहून मोठा गाळा असेल तर १४ दिवस, बीमखाली १४ ते २१, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर तराई, म्हणजे पाणी मारणं, निदान १० दिवस, ह्यात घाई चालत नाही. मेहुणे म्हणाले आजकाल केमिकल येतात. असो.

खरी परीक्षा पेमेंटच्या टप्प्यांची. माझं ठरलेलं आहे, करारावर १० टक्के, प्लिंथला २०, दोन्ही स्लॅबला २०-२०, वीटकाम-प्लॅस्टरला २०, फ्लोरिंग-दरवाजांना ५ आणि चावी देताना ५. प्लिंथ आधीच झालेला होता म्हणून इथे थोडं बदललं असतं पण शेवटचा टप्पा बारीकच ठेवला असता. का, तर स्लॅबपर्यंत मालकाला आपली गरज असते, एकदा का घरात राहता येऊ लागलं की ती संपते आणि मग नळातून थेंब गळतो म्हणून दोन लाख अडतात. ह्यांनी उलटं सांगितलं, मध्ये मध्ये थोडे थोडे घ्या, शेवटी ३० टक्के एकदम देतो, हवं तर वर पन्नास हजार जास्त. आणि पावसाळ्यात नर्मदेची रेती काढायला बंदी असते, भाव चढतो, तो फरक कोण देणार हे लिहायला सुद्धा तयार नाहीत. मी कराराचा कागद पुढे केला तर न वाचताच सरकवला. "आपण दोघं मराठी, परमुलखात आपणच एकमेकांवर विश्वास ठेवायचा नाही तर काय."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त चिडवतं. चार पिढ्या झाल्या की इंदूरला येऊन, कसला परमुलूख!

नाही कसं म्हणायचं हे पण महत्त्वाचं आहे. बरेच जण रेट चढवून सांगतात की पार्टी आपोआप पळेल. असं करू नका, कारण ज्याला द्यायचेच नाहीत तो चढा रेट सुद्धा आनंदाने कबूल करतो, मग अडकलात. हात भरलेले आहेत असं पण सांगू नका, दोन महिन्यांनी परत फोन येतो. मी सरळ म्हटलं की इंजिनिअरचा कागद, मोजमापाचा कागद आणि एका माणसाची सही, हे तीन झाल्याशिवाय मी काम उचलत नाही, तुमची पद्धत वेगळी आहे तर दुसरा बघा. मंडळात थोडी कुजबुज झाली, होऊ दे.

त्याच सुमारास सुदामा नगरातल्या एका काकूंचं काम घेतलं. रिटायर्ड शिक्षिका. सिमेंटच्या प्रत्येक बॅगेवरचा महिना बघायच्या, विटा पाण्यात भिजल्या का विचारायच्या, माझे मिस्त्री वैतागले. पण बाल्कनी अर्धी धरायची हे त्यांनीच वहीत लिहिलं आणि माझी सही घेतली, बदल केला की तारीख घालून खाली स्वतःची. अशी पार्टी मिळाली तर पाच-दहा हजार कमी घेऊन पण काम करा.

आणि ज्यांचं आधीच अडकलंय त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. चेक परत आला तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, समोरच्याला नोटीस मिळाल्यावर १५ दिवस मिळतात, तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेक बाउन्सच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार. चेक नसेल, नुसती कामाची बाकी असेल तर साधारण ३ वर्षांची मुदत, ती काम झाल्यापासून मोजतात. "बघू, देतो" ऐकत बसलात तरी ती मुदत थांबत नाही, तेव्हा मोजमापाचे फोटो नि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज सांभाळून ठेवा आणि वकिलाकडे लवकर जा.