आग्रह ताटात, कुंडीत नको

कोल्हापूरची थंडी बेभरवशाची. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला कपाटातून स्वेटर निघतो, चार दिवसांत आभाळ भरून येतं आणि स्वेटर परत कपाटात. खरी थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. तीही पहाटे १४-१५ अंश आणि दुपारी ३०च्या आसपास. पण पहाटे हुडहुडी भरली की लोकांना आधी गॅलरीतल्या कुंड्यांची दया येते. ऑर्किड, अँथुरियम, कॅलेथिया, अ‍ॅग्लोनिमा अशी सगळी वरात हॉलमध्ये येते, टीव्हीशेजारी मांडली जाते. फेब्रुवारीत त्यातली बरीचशी कुजलेली असतात आणि बोल थंडीला लागतो.

थंडीचा यात हात कमीच. झाड जातं ते घरातल्या पाहुणचारानं. पाहुणा नको म्हणत असताना वाटीत रस्सा ओतायचा हा आपला शिरस्ता. तो पंगतीत शोभतो. घरात पंखा बंद, खिडक्या बंद, ऊन जेमतेम. बाहेर दोन दिवसांत वाळणारी कुंडी आत आठवडाभर ओली राहते आणि आपण मात्र सवयीनं रोज तांब्याभर ओततो. ऑर्किडचं मूळ झाडाच्या फांदीवर उघड्या वाऱ्यात राहणारं. त्यावरचं पांढरं, स्पंजासारखं आवरण पाणी ओढून घेतं आणि मग ते वाळावं लागतं. सतत ओलं राहिलं की ते तपकिरी होतं, आतून पोकळ. चिमटीत धरून ओढलं तर साल निघून येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. मूळ गेलं की वर पानं सुरकुततात. ती पाहून ‘पाणी कमी पडलं वाटतं’ म्हणत घरातलं कुणीतरी आणखी एक तांब्या ओततंच.

म्हणून आत काय घ्यायचं यापेक्षा काय घ्यायचं नाही, हे आधी ठरवावं. बाजारात सर्रास मिळतं ते रुंद पानांचं, फुलपाखरासारख्या फुलांचं फॅलेनॉप्सिस. त्याला गारवा सोसतो एवढंच नाही, हवाच असतो. सलग तीन-चार आठवडे रात्री १६ ते १८ अंशांवर गेल्या की ते फुलदांडा काढतं. नोव्हेंबरात धसका घेऊन त्याला उबदार खोलीत कोंडलं तर पानं छान वाढतात, फूल दिसत नाही. कमाल-किमान दाखवणारा तापमापक कुंडीच्या उंचीवर टांगावा आणि रात्रीचा आकडा सलग १५च्या खाली जायला लागला तरच कुंडी आत आणावी. पेठेतल्या दाटीवाटीच्या गल्लीत अशी वेळ क्वचित येते. गावाबाहेर उसाच्या फडाला लागून घर असेल तर हमखास येते.

पानाच्या बेचक्यातून काही हिरवं डोकावलं की ते मूळ आहे की दांडा, यावरून घरात पैजा लागतात. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं. दांड्याचं टोक जरा चपटं, एका बाजूला खाच असलेलं. दांडा निघाल्यापासून फूल उमलायला अडीच-तीन महिने सहज जातात. तेवढा काळ कुंडी फिरवू नये, दांडा उजेडाकडे वळत राहतो आणि फुलं वाकडीतिकडी लागतात. कळ्या धरल्यावर तर जागाही बदलू नये. पिकायला ठेवलेली केळी, चिकू आणि देवघरातल्या उदबत्तीचा धूर यांच्यापासूनही लांब ठेवावं. फळांतून आणि धुरातून इथिलीन वायू सुटतो आणि कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात.

डेंड्रोबियम या ऑर्किडमध्ये दोन घराणी आहेत आणि लोक दोघांना एकच नियम लावतात. जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं, गुच्छात विकलं जाणारं सोनिया बारमाही हिरवं. त्याचं पाणी निम्मं करावं, पण तोडू नये. नोबिले जातीला मात्र डिसेंबरपासून खत बंद आणि पाणी जवळजवळ बंद. कांड्या थोड्या सुकल्या तरी चालतात. तिथं माया आली आणि खत पडलं, तर पेरांवर फुलांऐवजी पिलं, म्हणजे छोटी रोपं, फुटतात.

आपल्या घाटातली सीतेची वेणी किंवा आमरी ही रानातली ऑर्किड कुणाच्या आंब्यावर चढलेली असेल तर तिला हात लावायचं काही कारण नाही. पहाटेचं दव तिला पुरतं आणि फूल ती उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर देते. राधानगरीच्या जंगलातून ती उपटून आणणं हा गुन्हा आहे आणि मूर्खपणाही. उपटताना तुटलेली मुळं बहुधा सावरत नाहीत. टोपलीत लोंबणाऱ्या मुळांचा व्हँडा, हाही एक ऑर्किडच, दिवसा बाहेरच बरा. फार गार रात्र असेल तर संध्याकाळी आत, सकाळी परत बाहेर.

खरोखर आत घ्यायचं ते अ‍ॅग्लोनिमा, कॅलेथिया, अँथुरियम. गार वाऱ्यानं अ‍ॅग्लोनिमाच्या पानांवर तेल सांडल्यासारखे काळपट डाग पडतात. कॅलेडियमची पानं गळाली तर झाड मेलं म्हणून कुंडी उपडी करू नये. पाणी बंद करून ती कोरड्या कोपऱ्यात सरकवावी. मार्चमध्ये कंद आपोआप फुटतो.

आत आणण्याआधी कुंडी बादलीत काठापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बुडवावी. मुंग्या, शंखी, काय असेल ते वर येतं. पानांच्या मागे आणि बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसावा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि मिलीभर पातळ साबण घुसळून संध्याकाळी फवारावं. उन्हात फवारलं तर पान भाजतं. नवं झाड पंधरा दिवस बाकीच्यांपासून वेगळं ठेवावं. घरातल्या कोरड्या हवेत लाल कोळी फार लवकर पसरतो.

पाणी कधी घालायचं हे वार ठरवून होत नाही. पारदर्शक कुंडीत मुळं हिरवी दिसली तर थांबावं, चंदेरी-पांढरी दिसली तर घालावं. कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाचं सोडण अशा भरावाला थंडीत साधारण आठवड्यातून एकदा पुरतं. गच्चीवरच्या टाकीचं पहाटेचं पाणी बर्फासारखं असतं. ते बादलीत काढून रात्रभर घरात ठेवावं आणि सकाळी दहाच्या सुमारास घालावं. पानांच्या मधल्या गाभ्यात साचलेला थेंब टिश्यूनं टिपून घ्यावा आणि तासभर पंखा एकवर लावावा. माणसांना गार लागलं तर त्यांनी शाल घ्यावी.

उजेडाचं गणित मात्र फसवं. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत छताची सावली राहते. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य भर दुपारी जेमतेम ५० अंशांवर चढतो आणि ऊन थेट आतपर्यंत येतं. उन्हाळाभर सुखात असलेलं फॅलेनॉप्सिस तिथं भर थंडीत भाजतं, पानावर आधी पांढरा आणि मग वाळका चट्टा पडतो. पूर्वेची खिडकी सगळ्यांत निर्धोक. दक्षिणेला पातळ पडदा हवाच.

शिवाय हा आपला गळिताचा हंगाम. पाचट जाळलं की काळी काजळी उडत येते, गॅलरीच्या दांडीवर बसते तशी पानावरही बसते आणि उजेड अडवते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पान खालून तळहाताचा आधार देऊन पुसावं. पुसायचं फडकं प्रत्येक झाडाला वेगळं घ्यावं, नाहीतर एका कुंडीतली खवले कीड आपणच दुसरीत नेऊन सोडतो.