लपून राहा म्हणे

बायकांचे हक्क वेगळे, एलजीबीटीवाल्यांचे (गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे) वेगळे, उगाच खिचडी करू नका असं म्हणणारे खूप भेटतात, त्यात बायकाही असतात. बाकी कुठे वेगळं ठेवायचं तर ठेवा बापडे, पण निर्वासितांच्या कायद्यात ही दोन्ही माणसं एकाच फटीतून आत आलीयेत.

म्हणजे बघा, 1951 चा निर्वासित करार. त्यात आसरा मिळायला छळाची पाच कारणं दिलीयेत, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि 'विशिष्ट सामाजिक गट'. बाई म्हणून छळ झाला तर काय, याचा उल्लेख नाही, गे किंवा ट्रान्स तर लांबच राहिले. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर महायुद्धानंतरचा युरोप होता. त्यामुळे नंतर जो कोणी आला त्याला त्या पाचव्या कारणात अंग चोरून बसावं लागलं. अमेरिकेत 1990 मध्ये क्युबाच्या एका गे माणसाच्या केसमध्ये गे लोकही असा सामाजिक गट आहेत हे मान्य झालं आणि 1994 मध्ये तो निकाल सगळ्यांसाठी नमुना ठरवला गेला. ब्रिटनमध्ये 1999 मध्ये दोन पाकिस्तानी बायकांची केस गाजली, व्यभिचाराचा आळ घेऊन नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या, परत गेल्या तर जिवाला धोका. सरकारचं म्हणणं काय, तर हा नवरा-बायकोतला मामला. कोर्ट म्हणालं, नवरा मारतोय हे खरं, पण तिथलं सरकार बाईला वाचवत नाही कारण ती बाई आहे, आणि हाच छळ.

आता गे माणसांना काय ऐकवायचे? तर परत जा आणि जरा सांभाळून राहा, कोणाला कळू देऊ नका. हे कोणी टपरीवर नाही बोलत होतं हां, आसऱ्याचा अर्ज नाकारायचं अधिकृत कारण होतं ते! ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये इराण आणि कॅमेरूनच्या दोन माणसांच्या केसमध्ये ते मोडीत काढलं. मला तर 'घरातलं घरात ठेवा' आणि 'लपून राहा' ही एकाच तोंडातून आलेली वाक्यं वाटतात, मार खाणाऱ्यानेच आवाज करू नये, बस.

पण खरा वैताग पुढे आहे, पुराव्याचा. जो माणूस जन्मभर लपवत आला, फोनमधले मेसेज डिलीट करत आला, त्याला अधिकारी विचारणार की सिद्ध करा. युरोपात लोकांना खासगी फोटो, व्हिडिओ द्यायची वेळ आली होती, 2014 मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने सांगितलं असले पुरावे घ्यायचे नाहीत आणि पहिल्या मुलाखतीत बोलला नाही एवढ्यावरून खोटाही ठरवायचा नाही. 2018 मध्ये माणूस गे आहे का हे ठरवायला हंगेरीत घेतलेल्या सायकॉलॉजिकल टेस्टनाही चाप बसला, चित्रं काढून दाखव वगैरे, काहीही!

आणि लेस्बियन बाईचं तर दुप्पट. घरच्यांनी जबरदस्तीने लग्न लावलेलं, दोन मुलं, मग अधिकाऱ्याला पटत नाही की ही लेस्बियन कशी. नवऱ्यासोबत पळून आलेली असेल तर फाइल बहुतेक त्याच्याच नावावर, त्याच्यासमोर ती काय बोलणार. दुभाषी तिच्याच देशातला, तिच्याच समाजातला असेल तर तोंडातून शब्द फुटणार नाही, कारण उद्या तोच कम्युनिटीत बोलला तर संपलंच. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने 2002 मध्येच सांगितलंय की बायकांची मुलाखत वेगळी घ्या, घरच्यांना बाहेर बसवा, बाई दुभाषी द्या. यात मला तरी काही महागडं दिसत नाही, एक जास्तीची खोली लागते.

बरं, अर्ज केला म्हणजे सुटलो असंही नाही. युगांडातून पळालेले कितीतरी गे, ट्रान्स लोक शेजारच्या केनियात निर्वासितांच्या काकुमा कॅम्पमध्ये गेले, आणि खुद्द केनियातच समलिंगी संबंधांना 14 वर्षांपर्यंत कैद आहे. 2021 मध्ये त्या कॅम्पात अशा लोकांच्या राहायच्या जागेवर आगीचा हल्ला झाला, भाजलेल्यांपैकी एक जण पुढे दगावला. 2023 मध्ये युगांडाने कायदा आणखी कडक केला, काही प्रकारांत थेट फाशी, म्हणजे तिथून निघणारे थांबणार नाहीत आणि ते आधी पोचणार शेजारच्याच देशात. म्हणून अशांना कॅम्पात वर्षानुवर्षं सडत न ठेवता तिसऱ्या देशात लवकर हलवणं हेच मला सगळ्यात तातडीचं वाटतं, आणि नेमक्या अशा लोकांना घ्यायच्या जागाच श्रीमंत देश कमी करत चाललेत.