आमची वाटचाल : निकामी कंट्रोलर, चालतं स्टोरेज

उत्पादकाची हमी संपलेल्या स्टोरेज यंत्रणांची देखभाल हा आमचा व्यवसाय. डिस्क बदलण्यापासून सुरुवात झाली, पुढे पॉवर सप्लाय आणि पंखे आले, आणि मग कंट्रोलर, म्हणजे डिस्क आणि सर्व्हर यांच्यामधलं वाचन-लिखाण सांभाळणारं कार्ड. डिस्क बदलायला दिव्यांची ओळख आणि थोडा धीर पुरतो. कंट्रोलरसाठी सर्व्हर, स्विच, केबल, फर्मवेअर (कार्डातलं अंतर्गत सॉफ्टवेअर) असं सगळंच माहीत असावं लागतं. आमची कामाची पद्धत या एका कामानं घडवली, म्हणून इथे त्याबद्दलच लिहितो आहोत.

दोन कंट्रोलरच्या यंत्रणेत एक बंद पडला की दुसरा त्याचे व्हॉल्यूम (सर्व्हरला दिलेले साठ्याचे भाग) ताब्यात घेतो. कामकाज चालू राहतं, त्यामुळे धोका टळला असं ग्राहकाला वाटतं. धोका तिथूनच सुरू होतो. सगळा भार एका कार्डावर येतो आणि कॅशमधल्या (डिस्कवर जाण्याआधी माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या जलद स्मृतीतल्या) माहितीची दुसरी प्रत ठेवायला जोडीदार उरत नाही. बऱ्याच यंत्रणा अशा वेळी राइट-बॅक (माहिती कॅशमध्ये आली की लगेच पोच) सोडून राइट-थ्रूवर जातात, म्हणजे माहिती डिस्कवर उतरेपर्यंत सर्व्हरला पोच मिळत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी माहिती वाचवणारी मांडणी) असेल तर छोट्याशा लिखाणासाठीही तीनदा वाचणं आणि तीनदा लिहिणं आलं. एरवी हा सगळा खर्च कॅश पोटात घेते, आता तो सर्व्हरला जाणवतो. डेटाबेस अचानक मंदावला अशी तक्रार आली की आम्ही आधी कॅशची स्थिती विचारतो.

निकामी कार्डामुळे आता आणखी काही बिघडणार नाही. जपायचं असतं ते चालू असलेलं. आमचे सगळे नियम यातून निघाले.

पहिला नियम लॉगचा. कार्ड उपसण्याआधी दोन्ही कंट्रोलरचे लॉग आणि चालू कॉन्फिगरेशन उतरवून घ्यायचं. काही नोंदी निकामी कार्डाच्या स्मृतीतच असतात आणि वीज तुटली की जातात. लॉग वाचल्यावर पुष्कळदा कळतं की कार्ड ठीक आहे. कॅशची बॅटरी संपलेली असते, एखादी डिम (मेमरीची पट्टी) ईसीसी त्रुटी, म्हणजे मेमरीतली चूक, देत असते, नाहीतर एसएफपी (पोर्टात बसणारा, केबल जोडण्याचा सुटा भाग) मेलेला असतो. हे भाग सुटे मिळतात आणि बहुतेक यंत्रणांत वेगळे बदलता येतात. त्यासाठी अख्खा कंट्रोलर ग्राहकाच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही.

दुसरा नियम मार्गांचा, आणि यावर आमचा सर्वाधिक वेळ जातो. प्रत्येक सर्व्हरवर मल्टिपाथची (स्टोरेजकडे जाणाऱ्या एकाहून अधिक मार्गांची) यादी काढून चालू कंट्रोलरकडे जाणारा किमान एक, शक्यतो दोन मार्ग जिवंत आहेत ना हे पाहायचं. एखादा जुना सर्व्हर फक्त निकामी बाजूला जोडलेला सापडतो. कुठे झोनिंगमध्ये (कोणतं पोर्ट कुणाशी बोलेल हे ठरवणाऱ्या स्विचमधल्या नोंदीत) दुसऱ्या बाजूचं पोर्ट घालायचंच राहिलेलं असतं. मुदतीही तपासतो. लिनक्सवर एससीएसआय आदेशाची (डिस्कला दिलेल्या वाचन-लिखाणाच्या आदेशाची) मूळ मुदत ३० सेकंद आहे आणि ओपन-आयस्कझीमध्ये (नेटवर्कवरून स्टोरेज जोडणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर) तुटलेलं सेशन परत येण्याची वाट १२० सेकंद पाहिली जाते. नंतर व्हॉल्यूम मूळ जागी परत जाताना लागणारा वेळ या मुदतींत बसला नाही तर फाइल सिस्टिम केवळ-वाचन स्थितीत जाऊ शकते, आणि मग दोष स्टोरेजवर येतो.

सुटा भाग निवडताना केवळ मॉडेलचं नाव जुळून भागत नाही. पार्ट क्रमांक, रिव्हिजन (हार्डवेअरची आवृत्ती), कॅशचा आकार आणि होस्ट पोर्टचा प्रकार हे सगळं जुळावं लागतं. फायबर चॅनलमध्ये (स्टोरेजसाठीचं खास नेटवर्क) वेगाचाही हिशोब असतो. ३२ गिगाबिटचा एसएफपी १६ आणि ८ वर उतरतो, ४ वर नाही. ग्राहकाचा स्विच ४ गिगाबिटचा असेल तर नवं पोर्ट कधीच वर येणार नाही. म्हणून शक्य तिथे जुन्या कार्डातले चांगले एसएफपीच नव्यात घालतो. रिव्हिजन पाहण्याचं कारणही ठोस आहे. २०१७ मध्ये इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० प्रोसेसर मालिकेतला क्लॉक संकेताचा दोष उघड झाला, ज्यामुळे काही वर्षं चाललेलं उपकरण एकदा बंद केलं की पुन्हा सुरूच होत नसे. अशा दोषात एक कार्ड गेलं की त्याच वयाच्या दुसऱ्या कार्डाबद्दलही सावध राहावं लागतं आणि त्याला विनाकारण रीबूट देणं टाळावं लागतं. सुटे भाग आम्ही आधी आमच्या चाचणी-रॅकवर सलग भाराखाली चालवतो. हा रॅक उभारल्यापासून जागेवर गेल्यावर भाग न चालण्याचे प्रसंग बरेच कमी झाले.

प्रत्यक्ष बदलाचं काम थोडक्यात असं. नवं कार्ड हाती येईपर्यंत जुनं खाचेतून काढायचं नाही, कारण रिकाम्या खाचेतून हवा भलतीकडे वळते आणि चालू कार्ड तापतं. मनगटाचा अर्थिंग पट्टा रॅकच्या उघड्या धातूला लावायचा. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लेबल लावायचं आणि फोटो काढायचा. काढण्याआधी ओळख-दिवा लावून आपण योग्य कार्डासमोर उभे आहोत याची दोघांनी खात्री करायची. वरचं कंट्रोलर ए की बी, हे यंत्रणेगणिक बदलतं, आणि या कामातला सर्वांत महागडा घोटाळा म्हणजे चालू कार्ड उपसलं जाणं. एनव्हीरॅमचा (वीज गेली तरी कॅश जपणाऱ्या स्मृतीचा) दिवा लुकलुकत असेल तर थांबायचं, कारण कॅशमधली माहिती फ्लॅशवर उतरत असते. कार्ड निघाल्यावर टॉर्चनं मिडप्लेनच्या (कार्ड आणि डिस्क यांना जोडणाऱ्या आतल्या पाटीच्या) पिना पाहायच्या. वाकलेली पिन असताना नवं कार्ड रेटलं तर दोष चेसिसमध्ये (यंत्रणेच्या मूळ सांगाड्यात) जातो, आणि चेसिस बदलायची तर पूर्ण यंत्रणा बंद ठेवावी लागते. खटका स्वतःहून बसला पाहिजे, जोर लावायचा नाही.

यानंतरचा भाग प्रत्येक उत्पादन-घराण्यात वेगळा. एचपीई एमएसएमध्ये जोडीदार-फर्मवेअर सोय चालू असेल तर नवं कार्ड चालू कार्डाची आवृत्ती स्वतः घेतं. त्या वेळात दिवे बराच काळ विचित्र दिसतात, म्हणून घाबरून कार्ड परत ओढायचं नाही. नेटअ‍ॅपच्या ऑनटॅपमध्ये बूट मीडिया (सुरू होण्याचं सॉफ्टवेअर असलेलं माध्यम) आणि डिम जुन्या कार्डातून नव्यात हलवाव्या लागतात. डिस्कांची मालकी सिस्टिम आयडीवर नोंदलेली असते आणि नव्या बोर्डाचा आयडी वेगळा असतो. बूट होताना तो बदल मान्य करायचा, जोडीदाराला नवा आयडी दिसतो आहे हे पाहायचं आणि मगच गिव्हबॅक (जोडीदारानं ताब्यात घेतलेलं काम मूळ कार्डाला परत) द्यायचा. स्वयंचलित गिव्हबॅक कामाआधीच बंद करून ठेवलेला असतो. नव्या बोर्डाचं घड्याळही लावावं लागतं. केर्बेरॉस (वापरकर्त्याची ओळख पडताळणारी व्यवस्था) सर्वसाधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक स्वीकारत नाही, आणि मग हार्डवेअर उत्तम असूनही कुणालाच फाइल उघडता येत नाही. एन्क्रिप्शन असेल तर कळ-व्यवस्थापकाचा (एन्क्रिप्शनच्या कळा, म्हणजे किल्ल्या, सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) सांकेतिक शब्द हाताशी आहे ना, हे आम्ही कामाची तारीख ठरवतानाच विचारतो. तो नसेल तर तारीख देत नाही.

काळाच्या ओघात काही कामं नाकारायलाही शिकलो. एकाच कंट्रोलरच्या यंत्रणेत पडताळलेला बॅकअप नसेल तर आम्ही हात लावत नाही. जोडीदार कार्डावर आधीच त्रुटी दिसत असतील तर बदलीआधी महत्त्वाचा डेटा दुसरीकडे हलवायला सांगतो. त्यामुळे काही ग्राहक दुसरीकडे गेले, तरी हा नियम सैल केला नाही.

नवं कार्ड वर आलं म्हणून काम संपत नाही. कॅशची बॅटरी पूर्ण भरायला काही तास लागू शकतात, तोवर राइट-बॅक परतलेलं नसतं. ते परतलं, कॅशची प्रत दोन्हीकडे जाऊ लागली, प्रत्येक सर्व्हरवर मार्गांची संख्या आधीच्या यादीशी जुळली, व्हॉल्यूम आपापल्या कंट्रोलरवर गेले, एवढं झाल्यावर कामाच्या कागदावर सही घेतो. काढलेल्या कार्डाच्या फ्लॅशमध्ये आणि बूट मीडियात ग्राहकाचं कॉन्फिगरेशन, कधी कळा, कधी न उतरलेली कॅशही असू शकते. म्हणून ते माध्यम ग्राहकासमोर पुसतो किंवा त्यांच्याच ताब्यात देतो, आणि उरलेलं कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून दुरुस्तीला नेतो.