कुतुपालाँगचा घटसर्प

२०१७च्या डिसेंबरात मी बांगलादेशात, कॉक्स बाजारजवळच्या कुतुपालाँग इथे म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर म्हणून होते. घशात राखाडी पडदा, बैलासारखी सुजलेली मान. घटसर्पाची इतकी मुलं एका जागी मी कधी पाहिली नव्हती. दोष छावणीच्या दाटीला देऊन सगळे मोकळे होत. दाटी होतीच, ताडपत्रीला ताडपत्री भिडलेली. पण म्यानमारने १९८२च्या कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्वातून जवळपास वगळलं. राखाईनमध्ये, म्हणजे म्यानमारमधल्या त्यांच्या प्रांतात, गावाबाहेर जायलाही परवानगी लागे. मग लस टोचणार कोण? लसीचं कार्ड मागितलं की आया नुसत्या बघत राहायच्या. घटसर्पाचं विष निष्प्रभ करणारं औषध, प्रतिविष, तर जगभरातच तुटपुंजं, आधी कुणाला द्यायचं याचा रोज घोळ. पुढे लसीकरण सुरू झालं, तेव्हा आसपासच्या शाळांतल्या बांगलादेशी मुलांनाही टोचलं. रोग छावणीच्या हद्दीशी थांबत नाही, हे मात्र कुणाला समजवावं लागलं नाही!