एल्डरची अक्कलदाढ

लँकेशायरमधल्या चोर्ली या गावाजवळून एम-६१ महामार्गाने जाताना मॉर्मन मंदिराचा उंच मनोरा दिसतो. १९९८ साली खुल्या झालेल्या या मंदिराच्या आवारातच तरुण मिशनऱ्यांचे प्रशिक्षण केंद्र आहे. अमेरिकेहून आलेल्या या पंथाच्या पहिल्या प्रचारकांनी १८३७ साली इथून जवळच, प्रेस्टनच्या रिबल नदीत, ब्रिटनमधले पहिले बाप्तिस्मे दिले होते. मी मूळची मिरजेची, ओआरई ही परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांसाठीची परीक्षा देऊन या भागात दंतवैद्य म्हणून स्थिरावले, त्यामुळे पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावलेले तरुण अधूनमधून माझ्या खुर्चीत येऊन बसतात. पहिले नाव कोणी सांगत नाही; प्रत्येक जण ‘एल्डर’ ही मिशनऱ्याची उपाधी आणि पुढे आडनाव. ते पगार घेत नाहीत, उलट स्वतःच्या किंवा घरच्यांच्या पैशांतून दोन वर्षांच्या धर्मप्रचाराचा खर्च भागवतात, आणि चहा विचारला तर अत्यंत नम्रपणे नको म्हणतात, कारण त्यांच्या पंथात चहा आणि दारू दोन्ही वर्ज्य आहेत.

त्यांचे दात बहुधा चांगले असतात, कारण मिशनच्या अर्जासोबत दंतवैद्याचा तपासणी अहवाल द्यावा लागतो. अमेरिकन मुलांच्या एक्स-रेमध्ये तर अक्कलदाढा अनेकदा दिसतच नाहीत, कारण निघण्यापूर्वी त्या काढून टाकण्याची तिकडे रीतच पडली आहे. ब्रिटनमध्ये मात्र २००० सालापासून ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेची सूचना अशी, की त्रास न देणारी अक्कलदाढ काढू नये. ज्या मुलाविषयी मी लिहिते आहे, तो पूर्व युरोपातला होता आणि त्याच्या गावच्या दंतवैद्याने शांत असलेली दाढ तशीच ठेवली होती. मीही तेच केले असते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तो आला तेव्हा त्याचे तोंड जेमतेम दीड बोट उघडत होते. डावीकडची खालची अक्कलदाढ अर्धवट वर आलेली, पुढच्या दाढेवर कललेली, तिच्यावर हिरडीची सुजलेली झालर, आणि वरची दाढ प्रत्येक वेळी त्या झालरीवरच आदळत होती. अशा वेळी खालच्या दाढेला हात न लावता वरची काढून टाकली की रुग्णाला लगेच आराम पडतो. ही युक्ती मला फार आवडते, पण तेवढ्या फटीतून चिमटा आत जाणेच शक्य नव्हते. मग बोथट, वाकड्या सुईने झालरीखाली हळूहळू सलाइन सोडत राहिले. आधी पू आला, मग रक्त, मग अडकलेले अन्नाचे कण, आणि चौथ्या पिचकारीनंतर निवळ पाणी. जबडा आखडलेला असल्यामुळे मेट्रोनिडाझोल लिहून दिले. या गोळ्यांसोबत दारू घेऊ नका, हे वाक्य मी सवयीने उच्चारले आणि तो दुखत्या तोंडाने हसला.

एक्स-रे पाहिल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. दाढेच्या मुळांवर काळसर पट्टा होता आणि मज्जातंतूच्या नलिकेची पांढरी रेघ तिथेच तुटलेली दिसत होती. याचा अर्थ मुळे मज्जातंतूला लगटून असावीत, म्हणजे ही दाढ माझ्या खुर्चीत काढायची नव्हती. चुकून तंतू दुखावला, तर खालचा ओठ कायमचा बधिर राहू शकतो, आणि ज्याला पुढची दोन वर्षे दारोदार बोलत फिरायचे आहे, त्याच्यासाठी ही जोखीम साधी नव्हे. तज्ज्ञ शल्यचिकित्सकाकडे इथली प्रतीक्षायादी लांबलचक असते, आणि तो तर पुढच्या आठवड्यात नेमणुकीच्या देशात निघणार होता.

हे सगळे मला त्याला एकट्याला सांगायचे होते. मिशनरी जोडीने राहतात आणि त्यांचा नियम असा, की सोबत्याने सतत नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात राहायचे. माझ्या व्यवसायाचा नियम असा, की रुग्णाची संमती दडपणाखाली घ्यायची नाही. सोबती तितकाच कोवळा होता आणि माझ्या विनंतीने फारच अडचणीत पडला. अखेर दार अर्धे उघडे ठेवून तो बाहेर, आमच्याकडे पाठ करून, उभा राहिला. त्याने कान टवकारले नसावेत, इतका तो सरळमार्गी वाटला.

मी पर्याय समजावले आणि केंद्राला पत्र लिहावे लागेल असे सांगितले. त्याने एकच प्रश्न विचारला: “डॉक्टर, तुम्ही पत्रात हे लिहिले, तर ते मला घरी पाठवतील का?”

त्याच्या आवाजात भीती होती की आशा, हे मला तेव्हा कळले नाही आणि अजूनही कळत नाही. त्याला काय हवे आहे, असे मी विचारले, तर तो म्हणाला, जे खरे असेल ते लिहा. आईशी बोललास का, असेही विचारले. घरी फोन करण्याचा दिवस यायचा होता. २०१९ पर्यंत वर्षातून फक्त नाताळ आणि मातृदिन एवढेच फोन असत, आता दर आठवड्याला करता येतो, तरीही एकोणिसाव्या वर्षी सुजलेला जबडा घेऊन फोनच्या दिवसाची वाट पाहणे मला पटत नाही.

पत्रात मी लिहिले, की सूज उतरल्यावर प्रवासाला हरकत नाही, दुखणे पुन्हा उलटू शकते, आणि दाढ तज्ज्ञाकडूनच काढावी. त्यात खोटे काही नव्हते. पण याच वस्तुस्थितीवरून ‘आधी उपचार, मग प्रवास’ असेही पत्र लिहिता आले असते आणि तेही खरेच ठरले असते. माझे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “रुग्णाच्या मनात शिरायचे पैसे आपल्याला कोणी देत नाही.” त्यांची वैद्यकी उत्तम आहे, पण रुग्णाने खुर्चीत बोलू नये असेच त्यांना नेहमी वाटत आले आहे.

फेरतपासणीला त्याचे तोंड तीन बोटे उघडले. सोबती आतच बसला होता आणि मी या वेळी त्याला बाहेर जायला सांगितले नाही. केंद्राने पत्र वाचून त्याची नेमणूक कायम ठेवली होती, मात्र नेमणुकीच्या देशातल्या शल्यचिकित्सकाची वेळ आधीच घेतली होती; हे काम त्यांनी माझ्या अपेक्षेपेक्षा चोख केले. तो समाधानी दिसत होता. अर्थात त्या वयात सोबत्यासमोर मीही समाधानीच दिसले असते.

आता नावपट्टीवाला रुग्ण आला, की मी स्वागतकक्षाला पाच मिनिटे जास्त राखून ठेवायला सांगते, आणि सोबत्याला आधीच कळवते की काही वेळ त्याला दाराबाहेर थांबावे लागेल. त्यावरून दर वेळी कुरकुर होते, कारण तातडीच्या भेटीचे पैसे ठरलेलेच मिळतात. आत पाच मिनिटे गेली काय नि पंचवीस गेली काय, हिशेबाच्या कागदावर त्याची नोंद होत नाही.